कारणाचा रकाना

पंडित पाटील मास्तरांनी एम.एड. करायचं मनावर घेतलं तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते. जळगावच्या एका हायस्कुलात ते भूगोल आणि मराठी शिकवत. घरात त्यांच्याशिवाय कुणालाच ही पदवी काय असते ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्नीने, ताईबाईंनी, भाकरी थापता थापता एकदाच विचारलं.

“बी.टी. व्हयनी ना? आते आखो काय शिकनं शे?”

“शिकवणं कसं चालतं, कुठे अडतं, ते शोधायचं,” मास्तर म्हणाले.

“पंधरा वरीस शिकाडी ऱ्हायनात, तरी सापडनं नही?”

मास्तर हसले, पण रात्रभर तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

मास्तर मूळचे पहूरचे, शेतकऱ्याच्या घरातले. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, होऊन ते पारोळ्याच्या पुढे, बोरी नदीकाठच्या एका गावी लोकल बोर्डाच्या शाळेत नोकरीला लागले. सात वर्षं तिथे काढली. मग हट्टाने मॅट्रिक होऊन कॉलेजात गेले, बी.ए. झाले, बी.टी. ही शिक्षकाची पदवीही घेतली. विद्यापीठाने एम.एड. सुरू करून सहा-सात वर्षं झाली होती, पण त्यासाठी मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रबंध लिहावा लागे. मुंबईला जाऊन राहायचं तर नोकरी सोडावी लागली असती. मास्तरांनी तो विचार गुंडाळूनच ठेवला होता. तेवढ्यात, त्रेचाळीस सालच्या जून महिन्यात, धुळ्याहून आलेल्या एका परीक्षकाने सांगितलं की तिथे एक संशोधन केंद्र निघालंय, विद्यापीठाने त्याला मान्यता दिलीय आणि नोकरी करणाऱ्यांसाठी ते शनिवारी चालतं.

पुढच्याच शनिवारी शाळा सकाळची सुटताच मास्तर मोटारीत बसले. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारी मागे लावलेल्या भट्टीतल्या कोळशाच्या गॅसवर चालत आणि चढ आला की उतारूंना खाली उतरून चालावं लागे. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत मास्तरांच्या टोपीवर काजळीचा थर बसला.

केंद्र म्हणजे पांझरा नदीच्या काठी एका छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत पुस्तकं, दुसरीत लांबलचक टेबल. पुस्तकांच्या खोलीत कादरभाई बसत. हे मूळचे बुकबाइंडर. पुस्तकं बांधायला म्हणून आले आणि ग्रंथपाल होऊन राहिले. कुठलं पुस्तक कोणत्या कपाटात आहे, कुणाकडे गेलंय आणि त्याची पाठ किती दिवस टिकेल, हे त्यांना वहीत न बघता सांगता येई. केंद्राचे प्रमुख काशिनाथपंत भालेराव. ट्रेनिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, साठीचे, उंच आणि किडकिडीत गृहस्थ. त्यांच्या हाताखाली पाच जण एम.एड. करत होते. दर शनिवारी दुपारी चारला सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं आणि आठवडाभरात काय केलं ते वाचून दाखवायचं, असा नियम. काहीच केलं नसेल तर तसं लिहून आणून तेही वाचायचं. शिरपूरचे जीवराम नावाचे शिक्षक गणितातल्या चुकांवर काम करत होते. त्यांनी त्या दिवशी उभं राहून शांतपणे वाचलं, “या आठवड्यात घरी लग्न होते. काम झाले नाही.” भालेरावांनी मान हलवली आणि पुढच्याला वाचायला सांगितलं.

मास्तरांनी आपला विषय सुंदर अक्षरात लिहून नेला होता. ‘खानदेशातील प्राथमिक शिक्षण : इतिहास, स्थिती व भवितव्य’. भालेरावांनी तो वाचला, चष्मा काढला.

“पाटील, याला तीन माणसं आणि वीस वर्षं लागतील. तुमच्याजवळ दोन वर्षांचे शनिवार आहेत. तुम्ही स्वतः जवळून कुठली शाळा पाहिलीत?”

“बोरीकाठची. सात वर्षं होतो तिथे.”

“पहिलीत किती मुलं यायची?”

“वीस-पंचवीस.”

“आणि चौथीत?”

मास्तरांनी थोडा हिशेब केला. “आठ. फार तर दहा.”

“बाकीची कुठे गेली?”

“गळाली.”

“का गळाली?” भालेरावांनी विचारलं. मास्तर लगेच बोलणार होते, पण त्यांना हाताने थांबवून म्हणाले, “आत्ता सांगू नका. हाच विषय घ्या.”

शाळेचं जुनं दप्तर मिळवायला मास्तरांना एकट्याने वर्ष लागलं असतं. भालेरावांनी केंद्राच्या शिक्क्याचं एक पत्र स्कूल बोर्डाला लिहिलं आणि पंधरवड्यात सत्तावीस आणि अठ्ठावीस सालचं दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही, केंद्राच्या टेबलावर येऊन पडलं. पानं कसरीने खाल्ली होती. कादरभाईंनी आधी त्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या, मगच मास्तरांना हात लावू दिला.

त्या दोन वर्षांत पहिलीत बावन्न मुलं आली होती. त्यांतली एकतीस चौथीच्या आत शाळा सोडून गेली. रजिस्टरात शेवटचा रकाना होता, ‘शाळा सोडण्याचे कारण’. त्यात चोवीस ठिकाणी एकच शब्द होता, ‘घरकाम’. चार ठिकाणी ‘गाव सोडले’, तीन ठिकाणी ‘मयत’.

भालेराव मागे येऊन उभे राहिले होते. “अक्षर कुणाचं?”

“माझंच.”

“ही कारणं तुम्हाला कुणी सांगितली?”

मास्तरांनी रकान्यावरून बोट खाली नेलं. महिनाअखेर रजिस्टर पुरं करायचं असे, इन्स्पेक्टर येणार असत, आणि हात आपोआप तो शब्द लिहीत जाई. “कुणी नाही,” ते म्हणाले. “मीच लिहिली.”

“मग हे तुमचं मत झालं. आता जाऊन विचारा. मुलं मोठी झाली असतील, बरं सांगतील.”

युद्धामुळे कागद मिळत नव्हता. कादरभाईंनी परीक्षेच्या जुन्या वह्यांचे जाड पुठ्ठे कापून एकसारखी कार्डं केली, एका बाजूला ‘उत्तरपत्रिका’ असं छापलेली. दुसऱ्या कोऱ्या बाजूवर मास्तरांनी एकेका मुलाचं नाव घातलं. आणि रविवार सुरू झाले. शनिवारी धुळ्याची बैठक, मुक्काम केंद्रातच टेबलावर सतरंजी टाकून, रविवारी पहाटेच्या मोटारीने पारोळा, तिथून पायी बोरीकाठ, आणि संध्याकाळी जळगाव.

मास्तरांना वाटलं होतं तसं लोक त्यांना टाळत नव्हते. उलट ओटा झाडून बसायला देत. कौतिक नावाचा मुलगा आता बैलगाडी हाकत होता आणि त्याच्या डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा होता. “फयावरलं दखाये नही माले,” तो म्हणाला. “माले वाटे, बठ्ठासलेच असं दखास. मंग त्या कसा वाचतस ते समजे नही.” सगळ्यांनाच फळा असा पुसट दिसतो, अशी त्याची समजूत होती. विसाव्या वर्षी जळगावला चष्मा मिळाला तेव्हा त्याने पहिल्यांदा लिंबाच्या झाडाला सुटी सुटी पानं पाहिली होती. मास्तरांनी त्याच्या कार्डावर ‘दृष्टी’ लिहिलं. बांगडीवाल्यांची मदिना पारोळ्यात राहत होती, दोन मुलांची आई झाली होती. ती म्हणाली, “शाळा दुपारची केली ना तुम्ही. दुपारी मी आईबरोबर बांगड्या घेऊन फिरायची.” मास्तरांना आठवलं, छपराच्या दुरुस्तीसाठी मुलींचा वर्ग दोन महिने दुपारी हलवला होता. छप्पर झालं तरी तो परत सकाळी आणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. खुद्द त्यांच्याही.

बाकीच्यांपैकी बहुतेकांनी मात्र घरकामच सांगितलं. पावसाळा संपेपर्यंत सोळा कार्डं भरली आणि मास्तरांना मनातून बरं वाटलं. रजिस्टर फारसं चुकलं नव्हतं.

मग उखर्डू भेटला. पहिलीत बसला तेव्हाच तो दहा वर्षांचा होता; आता पारोळ्यात गवंडीकाम करत होता, हाताखाली चार माणसं होती आणि तालुक्यात त्याच्या कामाला नाव होतं. आधीची मुलं दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून आईबाप उकिरड्यावरून असं नाव ठेवतात, तसंच त्याचं ठेवलेलं. मास्तरांना बघून तो बांधकामाच्या माचाणावरून खाली उतरला, हात धुतले, चहा मागवला.

“मास्तर, खरं सांगू का?”

“खरंच हवंय.”

“तुम्ही हजेरी लेत व्हतात. मी ढोरेस्नं शेन काढीसन सरका शायामा ऊनू व्हतू. तुम्ही म्हननात, ‘उखर्डू, आज नावाला जागलास.’ बठ्ठा पोरे हासनात.” त्याने कपबशी मास्तरांच्या पुढे सरकवली. “मी दुसरा दिन ऊनू नही. मंग ऊनूच नही.”

मास्तरांनी आठवून पाहिलं. त्यांना काहीच आठवलं नाही. त्या दिवसाची सावलीसुद्धा नाही. बोलले असतील, नक्कीच बोलले असतील. तसं काहीतरी ते रोजच बोलत, वर्ग हसे, सकाळ बरी जाई.

“तू तेव्हा का नाही सांगितलंस?”

“कोनले सांगू? सांगनं ते तुमलेच व्हतं,” उखर्डू अगदी साधेपणाने म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “लिखी ठेवा. मन्हा पोऱ्या आते पहिलीमा शे. त्यानं नाव मी चांगलं ठेयेल शे.”

त्या रविवारी मास्तर आणखी कुणाकडे गेले नाहीत. संध्याकाळच्या मोटारीने थेट जळगावला आले. पुढच्या शनिवारी केंद्रात आपली पाळी आली तेव्हा त्यांनी सोळा कार्डांचं वाचन केलं आणि सतरावं टेबलावर उलटं ठेवलं.

“ते काय आहे?” भालेरावांनी विचारलं.

“याला रकाना नाही.”

भालेरावांनी कार्ड उचलून वाचलं.

“मग रकाना करा,” भालेराव म्हणाले. “शिक्षकामुळे. आणि मला एक सांगा. हा मनुष्य स्वतःच्या पायावर उभा आहे, म्हणून त्याने तोंडावर सांगितलं. बाकीच्या सोळांनी सांगितलं असतं का?”

मास्तरांनी मान खाली घातली. “नसतं.”

“तुम्ही त्यांचे मास्तर. ओट्यावर बसलेल्या मास्तराला घरकाम सांगणं सगळ्यांत सोपं. तुम्ही विचारून उपयोग नाही. दुसऱ्या कुणीतरी पुन्हा विचारलं पाहिजे.”

जीवराम लगेच म्हणाले की पुरुषांकडे मी जाईन, माझे दोन रविवार मोकळे आहेत. त्यांच्या गणिताच्या चुका मागच्या शनिवारी मास्तरांनीच तपासून दिल्या होत्या. केंद्रात असं चाले, एकाचं काम अडलं की दुसरा हात लावी. प्रश्न राहिला बायकांचा. भालेरावांनी मास्तरांकडे बघून विचारलं, “तुमच्या घरी कुणी जाईल?”

ताईबाईंचं माहेर पारोळ्याजवळचंच. मास्तरांची बोली पहूरकडची. बोरीकाठची अहिराणी ते शिकले होते, पण ती त्यांच्या तोंडी मास्तरकीच्याच सुरात येई. ताईबाईंना ती जन्माची होती. मास्तरांनी घरी येऊन सगळं सांगितलं, उखर्डूचंही. आधी तेच सांगायला जड गेलं. ताईबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमले कोनी वाईट म्हनी, ते मी घर लई येऊ का?”

“तेच तर आणायचंय.”

“मंग जास मी.”

केंद्रातल्या शनिवारच्या बैठकीला मग ताईबाईही एकदा आल्या. प्रश्न कसा विचारायचा, आपण मध्ये शब्द कसा पुरवायचा नाही, समोरची थांबली तर आपणही कसं थांबायचं, हे भालेरावांनी त्यांना अर्धा तास समजावलं. स्वतः कादरभाईंना समोर बसवून करून दाखवलं. ताईबाईंना लिहिता येत होतं ते जेमतेम. कादरभाईंनी त्यांच्यासाठी वेगळी कार्डं केली, त्यांवर आधीच छोट्या खुणा छापलेल्या, म्हणजे घरी येऊन खुणेवरून सगळं आठवून सांगता येईल.

हिवाळाभर ताईबाई दर रविवारी माहेरी गेल्या आणि तिथून घरोघर. कुणाच्या वाळवणाला हात लावला, कुणाबरोबर नदीवर धुणं धुतलं. धुरपदाबाई नावाच्या मुलीने मास्तरांना ‘घरकाम’ सांगितलं होतं. ताईबाईंना तिने वेगळंच सांगितलं. ती शाळेत यायची तेव्हा कडेवर धाकटा भाऊ असायचा, आई शेतात म्हणून. तो रडला की वर्गाला त्रास व्हायचा. मास्तरांनी सांगितलं, पोराला बाहेर ठेवून ये. बाहेर कुठे ठेवणार? म्हणून तीही बाहेरच बसली, खिडकीखाली लिंबाच्या सावलीत. आत पाढे चालायचे, ती बाहेरून म्हणायची. मग ऊन वाढलं तशी येईनाशी झाली. “बारा परयंत पाढा आजही येतस तिले,” ताईबाई म्हणाल्या. “माले म्हनी दखाडात.”

जीवरामांनी आणि ताईबाईंनी त्या सोळांना पुन्हा आणि उरलेल्या सातांना प्रथमच विचारलं तेव्हा चित्र बदललं. एकतिसांतले तीन वारलेले, चार परगावी गेलेले, सापडले नाहीत. उरलेल्या चोवीसांत घरकामामुळे खरोखर सुटलेले नऊच निघाले. आठ जण शिक्षकामुळे. बाकीचे डोळे, शाळेची वेळ, आजारपण. पहिल्या फेरीत शिक्षकाच्या रकान्यात एकटा उखर्डू होता.

प्रबंध इंग्रजीत लिहायचा होता. मास्तर पहाटे उठून लिहीत, शनिवारी नेत, आणि भालेराव लाल पेन्सिलीने त्यावर बसत. एक प्रकरण तीनदा परत आलं. एके ठिकाणी मास्तरांनी लिहिलं होतं की या मुलांच्या आयुष्याची माती करणारा शिक्षक कोणत्याही क्षमेला पात्र नाही. भालेरावांनी ते वाक्य पूर्ण खोडलं आणि समासात लिहिलं, ‘हा प्रबंध आहे, प्रायश्चित्त नव्हे. आकडा लिहा.’ दुसऱ्या ठिकाणी मास्तरांनी नुसतंच ‘काही प्रसंग घडले’ असं लिहिलं होतं. तिथे त्यांनी लिहिलं, ‘कुणी घडवले?’ तो शेरा वाचून मास्तर पांझरेच्या वाळवंटात एक चक्कर मारून आले आणि ते वाक्य पुन्हा लिहिलं. माणसांची उत्तरं मात्र इंग्रजीत बसेनात. उखर्डूचं वाक्य पाच तऱ्हांनी लिहून पाहिलं, पाचही वेळा ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं. शेवटी भालेराव म्हणाले की इंग्रजीत सारांश द्या आणि मूळ उत्तरं जशीच्या तशी परिशिष्टात जोडा. टंकयंत्रात देवनागरी नव्हती, म्हणून चोवीस उत्तरं मास्तरांनी तिन्ही प्रतींत हाताने लिहिली. कादरभाईंनी प्रती बांधल्या, गडद हिरव्या कापडात. कापड कुठून मिळवलं ते त्यांनी सांगितलं नाही.

पंचेचाळीस सालच्या मार्चमध्ये मुंबईला तोंडी परीक्षा झाली. भालेराव स्वतः बरोबर आले होते, पण आत येऊ शकत नव्हते. बाहेर बाकावर बसले. परीक्षक दोन होते. त्यांतल्या एकाने सारणी उघडली आणि आठच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“हा शिक्षक कोण?”

“मी,” मास्तर म्हणाले.

परीक्षकाने दुसऱ्याकडे पाहिलं. “मग तुम्हाला मिळालेल्या उत्तरांवर विश्वास कसा ठेवायचा?”

“माझ्यावर ठेवू नये म्हणूनच दुसरी फेरी केली, साहेब. मला एकानेच सांगितलं. माझ्या सहकाऱ्याला आणि पत्नीला आणखी सात जणांनी सांगितलं. दोन्ही आकडे पान एकशे चौदावर दिले आहेत.”

परीक्षकाने एकशे चौदावं पान काढलं, बराच वेळ वाचलं. पुढचे प्रश्न सोपे होते. शेवटी त्याने परिशिष्ट उलगडलं, अहिराणी थोडं अडखळत मोठ्याने वाचून पाहिलं आणि विचारलं, “अशी केंद्रं आणखी कुठे आहेत का?”

“मला धुळ्याचंच माहीत आहे,” मास्तर म्हणाले.

मास्तर बाहेर येताच भालेराव बाकावरून उठले. चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. दोघांनी स्टेशनजवळ पोटभर जेवण केलं आणि भालेरावांनी आयुष्यात प्रथमच, असं ते स्वतः म्हणाले, दुसऱ्यांदा श्रीखंड मागून घेतलं.

निकाल जूनमध्ये लागला. पारोळ्याला मोटार भट्टीत कोळसा भरायला थांबली तेव्हा मास्तर खाली उतरून उखर्डूच्या कामावर गेले आणि त्याला सांगितलं. तो म्हणाला, “चांगलं व्हयनं,” आणि पोराची दुसरीची प्रगतीपुस्तिका घरून आणायला माणूस पिटाळला. मास्तरांनी ती वाचेपर्यंत मोटार भोंगा वाजवत थांबली होती.

त्या पावसाळ्यात केंद्रात चार नवीन विद्यार्थी आले. त्यांत जामनेरच्या मुलींच्या शाळेतल्या पुष्पाबाई होत्या, केंद्रातल्या पहिल्या विद्यार्थिनी. भालेरावांनी त्यांना मास्तरांच्या शेजारी बसवलं आणि मास्तरांना म्हणाले, “पाटील, शनिवार मोकळे झालेत ना तुमचे? मग यांना जरा बघा.” मास्तर निकालानंतरही येतच होते, शनिवार काही मोकळे झाले नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं.

घरी हिरव्या कापडातली एक प्रत फडताळात होती. एका रविवारी दुपारी ताईबाई ती काढून घेऊन आल्या.

“मी इचारं त्यानं काय लिखेल शे, ते वाची दखाडा.”

मास्तरांनी पान उघडलं आणि इंग्रजी सारांश अहिराणीत सांगत गेले. ताईबाई शेंगा सोलत ऐकत होत्या. धुरपदाबाईपाशी आल्यावर मास्तरांनी वाचलं की खिडकीबाहेर बसलेली ती मुलगी दुःखी होऊन निघून गेली.

“दुःखी काय?” ताईबाई म्हणाल्या. “ती हासी हासी सांगी ऱ्हायंती माले. भाऊ मांडीवर झोपी जाये आणि तिले बाहेरलं जास्त ऐकू ये. असं सांगं तिने.”

“हे तू मला सांगितलं नव्हतंस.”

“तुम्ही इचारं नही. तुम्ही म्हननात, ‘मग काय झालं?’”

विद्यापीठात गेलेली प्रत आता बदलता येणार नव्हती. मास्तरांनी दौत पुढे ओढली, आपल्या प्रतीत ‘दुःखी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द खोडला आणि समासात बारीक अक्षरात, ताईबाई सांगतील तसं, लिहायला सुरुवात केली.

“दमानं सांग,” ते म्हणाले. “पहिल्यापासून.”